१९१२१९६१ ची फोड कागदावर कशी करावी

गोवा मुक्तीची तारीख सलग लिहिली की १९१२१९६१ ही संख्या मिळते. हाताने मूळ अवयवांत फोडायला ती अगदी बेताची आहे.

तिचे वर्गमूळ ४३७२ च्या थोडे वर येते, पण तिथपर्यंतच्या साऱ्या मूळ संख्या घेऊन बसू नका. अवयव सापडला की लगेच भागा आणि उरलेल्या संख्येचे वर्गमूळ नव्याने काढा. सगळी मेहनत इथेच वाचते.

एककस्थानी १ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ३०, म्हणजे ३ ने भाग जातो, ९ ने नाही. ७, ११ आणि १३ एकदम तपासता येतात, कारण त्यांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने वजा-अधिक करा: ९६१ − १२१ + १९ = ८५९. याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. गट पाडताना आपल्या स्वल्पविरामांवर (१,९१,२१,९६१) विसंबू नका. ते पहिल्या तिनानंतर दोन-दोन अंकांवर पडतात आणि उत्तर हमखास चुकते.

३ ने भागून ६३७३९८७ उरते. १७ ने बाकी ७. १९ साठी शेवटचा अंक दुप्पट करून उरलेल्या भागात मिळवत जा: ६३७४१२, ६३७४५, ६३८४, ६४६, ७६. ७६ ला १९ ने भाग जातो, म्हणून मूळच्या संख्येलाही जातो. ही फक्त चाचणी. भागाकार ६३७३९८७ चाच करायचा. तो ३३५४७३. त्यालाही १९ लावून पाहा, बाकी ९.

आता वर्गमूळ ५७९ च्या आसपास. तिथपर्यंत मूळ संख्या १०६, पैकी आठ झाल्या. उरलेल्या ९८ कंटाळवाण्या आहेत, पण टाळता येत नाहीत. २९ आणि २४१ ला बाकी १ उरते, तिथे घाई नको. कुणाचाच भाग जात नाही, म्हणजे ३३५४७३ मूळ आहे.

१९१२१९६१ = ३ × १९ × ३३५४७३

बाकीचे यावरून झटपट निघते. विभाजक २ × २ × २ = ८. त्यांची बेरीज ४ × २० × ३३५४७४ = २६८३७९२०. संख्येहून लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या २ × १८ × ३३५४७२ = १२०७६९९२. ४ ने भागून बाकी १ उरते, म्हणून ही दोन वर्गांची बेरीज असेल असे वाटते, पण तशी ती नाही. ३ आणि १९ दोघांना ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि दोघे एकेकदाच आले आहेत.

मसाविसाठी मात्र फोड लागतच नाही. गोव्याच्याच घटकराज्य दिनाची ३००५१९८७ ही दुसरी संख्या घ्या, तिला पहिलीने भागा आणि पुढे बाकीने भागत जा: १०९३००२६, ८१९१९३५, २७३८०९१... चौदाव्या भागाकाराला बाकी शून्य, मसावि ३.

संगणकावर करायचे तर एक्सेल पंधरा अंकांपुढे शून्ये भरते. पायथन ही संगणकभाषा पूर्णांक नेमके ठेवते, पण भागाकाराला // वापरा. एकेरी / ने मोठ्या संख्येचे शेवटचे अंक बिघडतात.