अ‍ॅक्युपंक्चरमधील ‘त्सुन’: अर्थ, वापर आणि मोजण्याची रीत

अ‍ॅक्युपंक्चरवरील इंग्रजी पुस्तकात किंवा भिंतीवरच्या तक्त्यात सुई टोचण्याच्या एखाद्या बिंदूची जागा शोधू लागलो की सी, यू, एन या तीन अक्षरांचा एक शब्द वारंवार भेटतो. आपल्याकडे तो सर्रास ‘कन’ असा वाचला जातो, परंतु हा चिनी शब्द असून त्याचा उच्चार ‘त्सुन’च्या जवळ जाणारा आहे, आणि म्हणूनच जुन्या इंग्रजी पुस्तकांत तो टी, एस, यू, एन असा लिहिलेला आढळतो. इंग्रजीत त्याचे अनेकवचन होत नाही; एक असो वा बारा, शब्द तोच राहतो. काही लेखक त्याऐवजी ‘बॉडी इंच’ असे लिहितात. त्यातील ‘इंच’ वाचून पट्टी हातात घेणे मात्र चुकीचे आहे, कारण या मापाचा २.५४ सेंटिमीटरच्या इंचाशी काहीही संबंध नाही.

त्सुन हे ज्याच्या शरीरावर बिंदू शोधायचा आहे, त्याच्याच शरीराचे माप आहे. आयुर्वेदाशी परिचय असलेल्या वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही, कारण चरकसंहितेतही शरीराची प्रमाणे ज्याच्या त्याच्या अंगुलांनीच सांगितलेली आहेत.

त्सुन मोजण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिली बोटांची: रुग्णाच्या अंगठ्याची सांध्यापाशी असलेली रुंदी म्हणजे १ त्सुन, तर्जनी व मधले बोट जुळवून होणारी रुंदी म्हणजे दीड त्सुन, आणि अंगठा वगळून चारही बोटे जुळवली असता मधल्या बोटाच्या मधल्या सांध्याच्या रेषेत भरणारी रुंदी म्हणजे ३ त्सुन. येथे बोटे रुग्णाची धरायची असतात, उपचार करणाऱ्याची नव्हेत. घाईत हाच नियम सर्वाधिक मोडला जातो. दुसरी रीत हाडांच्या प्रमाणाची आहे. तीत शरीराच्या एकेका भागाची लांबी ठरावीक त्सुनांची मानलेली असते आणि त्या भागाचे तितके समान भाग केले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम प्रशांत विभागाने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या प्रमाणित जागा प्रसिद्ध केल्या, त्यांत या दोन मापांना ‘बी-त्सुन’ (हाडांचे) आणि ‘एफ-त्सुन’ (बोटांचे) अशी वेगळी नावे आहेत. माझ्या मते शिकणाऱ्याने हाडांच्या प्रमाणाचाच आधार घ्यावा आणि बोटांचे माप पडताळणीपुरते ठेवावे, कारण आखूड हात व जाड बोटे असलेल्या माणसात दोन्ही मापे जुळतीलच असे नाही.

आता प्रत्यक्ष मोजून पाहू. मळमळीसाठी वापरला जाणारा ‘पीसी ६’ (बिंदूंना अशी अक्षर-आकड्यांची नावे असतात) हा बिंदू मनगटाच्या आतील बाजूच्या घडीपासून कोपराकडे २ त्सुन अंतरावर सांगितलेला असतो. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या आतील घडीपर्यंतचे अंतर १२ त्सुन मानतात. एक न ताणणारा दोरा या दोन घड्यांमध्ये धरून तेवढाच कापावा, त्याची आधी निम्मी घडी घालावी आणि त्या निम्म्याचे तीन समान भाग करावेत; त्यातील एक भाग म्हणजे २ त्सुन. हे अंतर २४ सेंटिमीटर असेल तर २ त्सुन ४ सेंटिमीटरचे होतील, आणि लहान मुलाच्या हातावर ते १५ सेंटिमीटर असेल तर अवघ्या अडीच सेंटिमीटरचे. मनगटावर दोन-तीन घड्या दिसल्यास दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकांना जोडणारी घडी धरावी; तेथेच चूक झाली तर पुढचे सारे माप सरकते. त्यानंतर अंगठा करंगळीला टेकवून मनगट किंचित वाकवावे, म्हणजे मधोमध दोन कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) उठून दिसतात आणि बिंदू त्यांच्यामधल्या खोबणीत सापडतो. काही लोकांच्या हातात यांपैकी एक कंडरा जन्मतःच नसते. अशा वेळी उरलेल्या कंडरेच्या करंगळीकडील कडेलगत बोट फिरवून पाहावे.

इतरत्रही हाच हिशेब चालतो. बेंबीपासून ओटीपोटाच्या खालच्या टोकाशी समोर असलेल्या जघनास्थीच्या वरच्या कडेपर्यंत ५ त्सुन, तर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या सांध्यापासून बेंबीपर्यंत ८ त्सुन मानतात. पाठीवर खवाट्याच्या आतील कडेपासून कण्याच्या मध्यरेषेपर्यंत ३ त्सुन असतात, म्हणून ‘दीड त्सुन बाहेर’ असे लिहिलेले बिंदू नेमके या अंतराच्या मध्यावर येतात. येथे अंतर आडवे मोजायचे आहे हे विसरू नये. घरी एवढे शिकून बिंदूवर बोटाने दाब देण्यास हरकत नाही. मात्र पायाच्या आतील घोट्याच्या ३ त्सुन वर असलेला ‘एसपी ६’ गरोदरपणात टाळण्याचा संकेत आहे. छातीवर व पाठीवर सुई चुकून खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते, तेव्हा सुई टोचण्याचे काम प्रशिक्षित व नोंदणीकृत चिकित्सकाकडेच सोपवावे.

या शब्दाचा आणखी एक वापर लक्षात ठेवावा लागतो. सुयांच्या खोक्यावर ‘१ त्सुन’ असे छापलेले असते तेव्हा ते कोणाच्याही शरीराचे माप नसून सुईची मूठ सोडून उरलेल्या दांड्याची ठरावीक लांबी असते: १ त्सुनची सुई साधारण २५ मिलिमीटरची, तर दीड त्सुनची साधारण ४० मिलिमीटरची. म्हणून वाक्यात हा शब्द आला की तो बिंदूच्या अंतराविषयी आहे की सुईविषयी, हे आधी पाहावे आणि मगच आकड्याचा अर्थ लावावा.