हॉकीचा संघ मुळापासून कसा उभा करावा

माझ्या हजेरीच्या वहीत दोन रकाने असतात. पहिल्यात आज आलेली मुलं. दुसऱ्यात गेल्या वेळी आलेली, पण आज न आलेली मुलं. वर्षाच्या शेवटी कपाटात किती चषक जमले यापेक्षा हा दुसरा रकाना मला जास्त सांगून जातो. हॉकी वाढवायची म्हणजे नेमकं काय करायचं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच असतं: सगळ्यात कच्च्या मुलाला उद्या परत यावंसं वाटलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. सामानाची आणि सुरक्षिततेची सोय आधी लावा

टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, नाही म्हणून थांबू नका. ऑलिम्पिकची हॉकी कृत्रिम मैदानावर पहिल्यांदा खेळली गेली ती 1976 साली माँट्रियलला. त्याआधीच्या कित्येक पिढ्या गवतावरच घडल्या. मैदान खडबडीत असेल तर चेंडू उडतो, म्हणून तिथे अडवण्याचा सराव जास्त करून घ्या आणि जोरात मारणं कमी ठेवा.

स्टिक मुलाच्या मापाची हवी. शेजारी उभी धरली की तिचं टोक कमरेच्या हाडापर्यंत यावं, हा साधा अंदाज पुरतो. "वाढत्या अंगाची आहे" म्हणून मोठी स्टिक घेऊ नका. लांब स्टिक हातात आली की मूल ताठ उभं राहतं, आणि ताठ उभं राहून हॉकी खेळता येत नाही. सामन्याचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि कडक असतो. अगदी लहानांना तो देऊ नका, हलका चेंडू चालतो. कडक चेंडू आला की शिन पॅड (नडगीचं कवच) आणि माउथगार्ड (दातांचं कवच) सक्तीचे करा, एकाही मुलाला सूट नको. गोलरक्षकाचं पूर्ण कीट नसेल तर कुणालाही गोलमध्ये उभं करू नका. दोन मार्कर (खुणेचे शंकू) ठेवून फट करा, तोच गोल.

आणखी एक नियम पहिल्याच दिवशी लिहून लावा: कोणताही मोठा माणूस एकाच मुलासोबत एकटा थांबणार नाही, ना मैदानावर, ना सामानाच्या खोलीत, ना गाडीत. हा नियम मुलांसाठी आहे, तसाच प्रशिक्षकासाठीही.

२. पकड: इथे घाई केली तर पुढे वर्षं जातात

हॉकी स्टिकची फक्त सपाट बाजू चेंडूला लावायची असते आणि ती बाजू एकच असते. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. सगळ्यांचा डावा हात वर, उजवा खाली. चेंडू डावीउजवीकडे नेताना दर वेळी स्टिक उलटीसुलटी फिरवावी लागते आणि ती फिरवतो डावा हात. उजवा हात नुसता आधार देतो.

नवीन मूल नेमकं उलटं करतं. दोन्ही मुठी घट्ट आवळतं. मग स्टिक फिरत नाही, अख्खं मूलच फिरतं. "उजवा हात सैल सोड" असं शंभरदा सांगून पाहिलंय, उपयोग होत नाही, कारण सैल म्हणजे किती हे त्याच्या हाताला ठाऊकच नसतं.

त्यावर एक उपाय आहे. टिश्यू पेपरच्या मोठ्या रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. वरून स्टिकच्या दांड्यात ओवा आणि उजवा हात येतो तिथे आणा. मुलाला सांगा, उजव्या हाताने फक्त नळी धरायची. आता डाव्या हाताने स्टिक फिरवली की ती नळीच्या आत गरगर फिरते, नळी मात्र जागची हलत नाही. एका मुलीला मी हे दिलं तेव्हा चेंडूला हात लावायच्या आधी ती बराच वेळ नुसती स्टिक फिरवत उभी होती. तिला घाई केली नाही. त्या वेळात तिचं मनगट शिकत होतं. आठवड्याभराने नळी काढून टाकली.

पकड बसली की ड्रिबल (चेंडू स्टिकशी ठेवून पळवणं), मग पुश (चेंडू न मारता ढकलणं), मग अडवणं. अडवताना स्टिक चेंडूवर आदळायची नाही. चेंडू येऊ द्यायचा आणि स्टिक किंचित मागे घ्यायची, अंगावर आलेला फुगा झेलतो तशी. हिट, म्हणजे स्टिक मागे घेऊन जोरात मारणं, सगळ्यात शेवटी. मुलांना हिटचं फार वेड असतं, म्हणून तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा: सगळे एका रांगेत, सगळ्यांचा नेम एकाच दिशेला, आणि सगळ्यांनी मारल्याशिवाय कुणीही चेंडू आणायला पुढे जायचं नाही.

३. छोटे सामने, भरपूर चेंडू

एका सरावात चेंडू किती वेळा स्टिकला लागला, ते प्रत्येक मुलाचं मोजून पाहा. बावीस मुलं आणि एक चेंडू असा अकरा-अकराचा सामना लावला की लाजरं मूल अर्धा तास नुसतं धावतं. त्याच मैदानाचे चार तुकडे करून साधारण तीन-तीनचे सामने लावले की लपायला जागाच उरत नाही आणि प्रत्येकाला दर थोड्या वेळाने काहीतरी ठरवावं लागतं. नेदरलँड्समध्ये क्लबांतली चिमुरडी तीन-तीन, सहा-सहा अशीच खेळत खेळत पूर्ण संघापर्यंत पोहोचतात.

माझा आवडता खेळ सांगतो. साधारण वीस बाय पंधरा मीटरचा चौकोन घ्या. दोन्ही टोकांना दोन-दोन फटी, एक डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. तीन विरुद्ध तीन. मुलं सुरुवातीला समोरच्या फटीकडे झुंडीने धावतात आणि तिथे अडकतात. दुसरी फट मोकळी पडलेली असते. शिट्टी वाजवा, सगळ्यांना जागच्या जागी थांबवा आणि फक्त विचारा, "मोकळी जागा कुठे आहे?" उत्तर तुम्ही देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणीतरी चेंडू पायाशी असतानाच मान वर करतं. तो दिवस वहीत लिहून ठेवण्यासारखा.

फ्री हिट (समोरच्या संघाच्या चुकीमुळे मिळणारा चेंडू) मिळाल्यावर दुसऱ्याला पास न देता स्वतःच चेंडू पुढे न्यायची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत 2009 पासून आहे. ती मुलांना पहिल्यापासून द्या. खेळ थांबत नाही आणि डोकं जागं राहतं. पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल गोलजवळ मिळणारी मारण्याची संधी) मात्र लहानांसाठी काढून टाका. जवळून सुटणारा चेंडू आणि समोर धावत येणारं दहा वर्षांचं मूल, हे गणित धोक्याचं आहे.

एका तासाचा सराव असेल तर दहा मिनिटं चेंडूसह पकडापकडी, वीस मिनिटं एखादं कौशल्य, उरलेला वेळ सामने. रांगेत उभं राहून पाळीची वाट बघणं शक्यतो नकोच.

४. प्रशिक्षकाने कमी बोलावं

मी पहिली काही वर्षं रेषेबाहेरून सतत ओरडायचो. "पास दे! मागे फिर! मार!" एकदा लक्षात आलं, संघातली सगळ्यात हुशार मुलगी पास देण्याआधी मैदानाकडे नाही, माझ्याकडे बघतेय. मी तिला खेळ शिकवला नव्हता, माझा आवाज ऐकायला शिकवलं होतं. त्या दिवसापासून सामना चालू असताना गप्प बसायचं ठरवलं. जे सांगायचं ते मध्यंतरात, तेही दोनच गोष्टी.

चूक दाखवायची तर एकट्याला बाजूला घेऊन. कौतुक मात्र सगळ्यांसमोर, आणि नेमकं. "छान खेळलास" म्हणून मुलाला काहीच कळत नाही. "टॅकल चुकल्यावर तू लगेच मागे धावलास, म्हणून गोल वाचला" म्हटलं की ते मूल पुढच्या वेळी नक्की धावतं, आणि ऐकणारी बाकीचीही.

५. निवड लांबवा

बारा वर्षांच्या मुलांत जो मोठा दिसतो तो बऱ्याचदा नुसता वयाने काही महिने मोठा असतो. वयोगट ठरवणाऱ्या तारखेनंतर लगेच जन्मलेली मुलं निवडक संघांत जास्त दिसतात, हे अनेक खेळांत आढळलं आहे. आज बुटका म्हणून मागे ठेवलेला मुलगा सोळाव्या वर्षी सगळ्यांच्या पुढे असू शकतो, पण तोवर तो मैदानावर टिकला तर. म्हणून "अ संघ, ब संघ" अशा पाट्या लवकर लावू नका. जागाही बांधू नका: दांडगा मुलगा कायम बचावात आणि चपळ मुलगी कायम पुढे, असं केलं की दोघांचंही अर्धं शिक्षण बुडतं. महिन्याला जागा बदला.

हॉकीचा एक नियम इथे फार कामाचा आहे. सामन्यात खेळाडू कितीही वेळा बदलता येतात आणि बाहेर आलेला पुन्हा आत जाऊ शकतो. त्यामुळे एखादं मूल पूर्ण सामना बाकावर बसून राहिलं, तर तो निर्णय प्रशिक्षकाचा असतो, नियमाचा नाही. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात. प्रत्येक मूल निदान दोन भागांत दिसेल असा कागद आदल्या दिवशीच तयार करा. सामन्याच्या घाईत न्याय सुचत नाही.

६. संघाची रीत

संघाची रीत भिंतीवरच्या घोषणांनी येत नाही, सराव संपल्यावरच्या पाच मिनिटांत दिसते. मार्कर कोण गोळा करतं? आमच्याकडे नियम साधा आहे: कर्णधार सगळ्यात शेवटी मैदान सोडतो. आणि कर्णधार दर महिन्याला बदलतो, त्यामुळे प्रत्येकाला ते शेवटचं थांबणं वाट्याला येतं.

पंचांशी हुज्जत नाही, हे आधी मोठ्यांनी पाळायचं. ग्रीन कार्ड म्हणजे खेळाडू दोन मिनिटं बाहेर आणि संघ एकाने कमी. हे मुलांना हिशेबाने समजावा: तुझ्या एका शब्दासाठी बाकीचे दहा जण दोन मिनिटं तुझ्या वाटचं धावले. पालकांसाठी हंगामाच्या सुरुवातीला एक बैठक घ्या आणि एकच विनंती करा: टाळ्या दोन्ही संघांसाठी, सूचना कुणालाच नाही.

मुली पौगंडावस्थेत खेळ सोडतात तेव्हा "आवड कमी झाली" असं लिहून मोकळे होऊ नका. कपडे बदलायला जागा आहे का, स्वच्छतागृह आहे का, मैदानावर एक तरी प्रशिक्षिका आहे का, गणवेश तिला स्वतःला सोयीचा वाटतो का, हे आधी विचारा. यातलं बरंचसं महिन्याभरात सुधारता येतं.

७. दुसरा रकाना

सलग दोन वेळा न आलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या दिवशी फोन करा. रागावायला नाही, विचारायला. बूट फाटलेले असतात, परीक्षा असते, कधी कुणीतरी चिडवलेलं असतं. शेवटचं कारण असेल तर त्याच आठवड्यात चिडवणाऱ्याशी बोला, पुढच्यावर ढकलू नका.

आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना लहानांच्या गटात मदतीला घ्या, आठवड्यातून एक तास. कुणाला शिट्टी द्या, कुणाला हजेरीची वही. पुठ्ठ्याच्या नळीवर शिकलेली ती मुलगी आता शनिवारी येते, पिशवीत दोन नळ्या घेऊन, आणि नवीन मुलांच्या रांगेत सगळ्यात घट्ट मूठ कुणाची आहे ते शोधत फिरते.