प्रकाशाला चांगला प्रतिसाद देणाऱ्या कोंबड्यांची निवड कशी करावी

कोंबडीला प्रकाश केवळ डोळ्यांवाटे जाणवत नाही. कवटीतून झिरपणारा प्रकाश, विशेषतः तांबड्या रंगाचा, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत पोहोचतो आणि दिवस पुरेसा लांब झाला की तेथून सुरू होणाऱ्या संप्रेरकांच्या साखळीमुळे अंडाशय कार्यरत होतो. हा प्रतिसाद प्रत्येक पक्ष्यात सारखा नसतो आणि त्यातील फरक काही अंशी आनुवंशिक असतो, म्हणूनच निवड करता येते.

मात्र फरक रक्तातला आहे की दिव्याचा, हे आधी वेगळे करावे लागते. एकाच दिवशी उबलेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, समान खाद्यावर वाढवाव्यात, त्यांना साधारण 17 आठवड्यांपर्यंत रोज 8 तास प्रकाश द्यावा आणि त्यानंतर तो टप्प्याटप्प्याने 14 ते 16 तासांपर्यंत वाढवावा. अंड्यावर आल्यावर प्रकाशाचे तास कधीही कमी करू नयेत. पिंजऱ्यांच्या खालच्या मजल्यावर उजेड कमी पडतो. तेथील कोंबडीची वरच्या कोंबडीशी तुलना करणे हा तिच्यावर अन्यायच आहे.

प्रकाश वाढवल्यापासून पहिल्या अंड्यापर्यंत किती दिवस गेले, याची नोंद ठेवावी, पण केवळ लवकर अंडे दिले म्हणून पक्षी निवडू नये, कारण वजन पुरेसे नसताना अंड्यावर आलेल्या तलंगेची अंडी लहान राहतात आणि तिचे अंग बाहेर येण्याचा धोकाही वाढतो.

खरी पारख अंडी घालण्याच्या वेळेवरून होते. एखादी कोंबडी आज सकाळी सातला, उद्या साडेआठला, परवा दहाला अंडे घालते. अशी वेळ पुढे सरकत दुपार गाठते, मग बीजमोचन (अंडाशयातून बीज सुटणे) चुकते आणि खाडा पडतो. दुसरी रोज सातच्या आसपासच घालते, म्हणजे तिचे चक्र जवळजवळ 24 तासांचे आहे. अशीच कोंबडी दीर्घकाळ सलग अंडी देते. त्यासाठी कोंबडी आत शिरताच दार बंद होणारी पेटी वापरावी आणि वेळ पेटीपाशीच लिहावी. दिवस लांब असूनही मध्येच अंडी थांबवणाऱ्या किंवा वारंवार खुडूक होणाऱ्या कोंबड्या पैदाशीतून वगळाव्यात; पिल्ले कोंबडीखालीच उबवायची असतील, तर मात्र खुडूकपणा हा दोष मानू नये.

अंड्यांच्या संख्येची आनुवंशिकता कमी असते, त्यामुळे एका कोंबडीच्या नोंदीपेक्षा तिच्या सर्व बहिणींची सरासरी अधिक विश्वासार्ह ठरते. कोंबडा अंडी घालत नसल्याने त्याची निवड प्रामुख्याने बहिणींच्या नोंदींवरूनच करावी. फक्त सर्वोत्तम घराण्यातीलच कोंबडे घेण्याचा मोह आवरावा: 50 कोंबड्यांमागे 5 कोंबडे ठेवल्यास कळपाची प्रभावी संख्या (अंतःप्रजननाच्या हिशेबात कळप प्रत्यक्षात किती पक्ष्यांइतका ठरतो तो आकडा) सुमारे 18 राहते, 10 ठेवल्यास ती सुमारे 33 होते आणि प्रत्येक पिढीत वाढणारे अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातील पैदास, जवळजवळ निम्म्यावर येते.