काम सुटलं तेव्हा मी काय काय केलं: आधी हक्काचे पैसे, मग ऑनलाइन काम

एप्रिल २०२३ चा शेवटचा आठवडा होता. जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात मी सहा वर्षं डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करण्याच्या कामावर होते. काम कारखान्याचं, पगार ठेकेदाराकडून. सकाळच्या गाडीने धरणगावहून जायचं, संध्याकाळी परत. त्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने आम्हा सात जणांना बाजूला घेतलं. ठेका संपला म्हणाला, आणि पुढे कोरा कागद सरकवला: "राजीनामा लिहून द्या, हिशोब आजच करून टाकू."

चौघांनी लिहून दिला. मी दिला नाही. म्हटलं, काम तुम्ही काढताय, तर तसं पत्र तुम्ही द्या. दोन दिवस फिरवलं, मग "ठेका संपल्याने सेवा समाप्त" असं एका ओळीचं पत्र मिळालं. त्या एका ओळीने मला पुढे फार साथ दिली. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: काम जात असेल तर स्वखुशीचा राजीनामा लिहू नका. बेकारी भत्ता, ग्रॅच्युइटी (सलग काही वर्षं काम केल्याबद्दल मिळणारी रक्कम), कपातीची भरपाई, कुठेही गेलात तरी काम कसं सुटलं हे विचारतात. पत्र घ्या, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा घ्या, हजेरी कार्डाचा फोटो काढून ठेवा. मगच गेटबाहेर पडा.

घरी आले तर सासूबाई ओट्यावर बसलेल्या. "आते काय करशी वं?" एवढंच म्हणाल्या. आमचे हे रावेर भागात केळीच्या गाडीवर असतात, त्यांची कमाई हंगामावर. रात्री मी वहीत दोन रकाने पाडले. एकीकडे माझे कुठे कुठे पैसे अडकलेत, दुसरीकडे मला काय काय काम येतं. हाच क्रम ठेवा असं मी सगळ्यांना सांगते. हातात दोन-तीन महिन्यांचा किराणा असला की माणूस काम नीट बघून धरतो. नाहीतर घाईत फसतो, आणि मी फसले तेही सांगणार आहे.

पीएफपासून सुरुवात करा. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक मेसेजने येते. पुढचं काम युएएन, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरने, पीएफच्या पोर्टलवर. आधार, पॅन, बँक खातं तिन्ही जोडलेली आणि मंजूर हवीत. माझं इथेच अडलं. पीएफला नाव माहेरचं, आधारवर सासरचं. आपल्याकडे निम्म्या बायकांचं हेच होतं. लग्न झालं, आधार बदललं, पण कारखान्यातलं नाव तसंच राहिलं. दुरुस्तीला 'जॉइंट डिक्लरेशन' म्हणतात, आणि तेव्हा त्यावर मालकाची मंजुरी लागायची. मी ठेकेदाराच्या ऑफिसात चार चकरा मारल्या. २०२५ पासून हे सोपं झालंय. तुमचा युएएन ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारने तपासलेला असेल तर नाव, जन्मतारीख पोर्टलवर स्वतःच दुरुस्त करता येते. जुना असेल तर अजूनही मालकाकडून जावं लागतं. म्हणून सांगते, काम चालू असतानाच हे करून घ्या. आज रात्रीच आधार आणि पीएफची नावं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

दुसरी अडचण, मालक 'काम सोडल्याची तारीख' भरत नाही. त्यासाठी त्याच्या पाया पडायची गरज नाही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की पोर्टलवर 'मॅनेज' मध्ये 'मार्क एक्झिट' आहे, तिथे ती तारीख आपली आपण भरता येते.

काम सुटल्यावर पीएफमधले ७५ टक्के काढता येतात. उरलेल्या २५ टक्क्यांसाठी आधी दोन महिने थांबावं लागायचं, ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ते १२ महिने करायचं ठरवलं. अर्ज भरताना त्या दिवशीचा नियम बघून घ्या. सलग नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल तर कर कापला जातो, म्हणून करपात्र उत्पन्न नसल्याचं घोषणापत्र सोबत जोडा. पीएफसोबत जमा होणारे पेन्शनचे पैसे मात्र मी काढले नाहीत. नोकरी दहा वर्षांच्या आत असेल तर ते काढता येतात, पण त्याऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट' घेतलं तर पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात. माझं वय तेव्हा चौतीस होतं, मी सर्टिफिकेट घेतलं. कुठे अडलंच तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात पीएफ ऑफिसचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं. कागद घेऊन थेट माणसासमोर बसता येतं.

आता जे बहुतेकांना माहीतच नसतं ते. पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विम्याचा हप्ता) कापलं जात असेल, म्हणजे महिना २१ हजारांच्या आतला पगार, तर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' बघा. २०१८ पासून आहे, मुदतवाढ घेत चालते, म्हणून चालू आहे ना ते आधी विचारा. बेकार झाल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजाच्या निम्मे पैसे थेट खात्यात येतात. आयुष्यात एकदाच. अट अशी की किमान दोन वर्षं विमा असावा, काम सुटण्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचा भरणा असावा आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत पुन्हा ७८ दिवसांचा. गैरवर्तनामुळे काढलं असेल तर मिळत नाही. काम सुटून ३० दिवस झाले की पोर्टलवर अर्ज करायचा.

माझा हिशोब दाखवते. पगार १४,५००. दोन वर्षांचे झाले ३ लाख ४८ हजार. भागिले ७३० दिवस, म्हणजे रोज ४७६ रुपये. त्याचे निम्मे २३८. गुणिले ९०, म्हणजे २१ हजार ४०० च्या आसपास. धरणगावात एवढ्यात आमचं घर तीन महिने चाललं. आम्हा सातपैकी दोघांनीच अर्ज केला. बाकीच्यांना वाटलं, सरकार असं घरी बसलेल्याला पैसे देत नसतं. कापले जात होते ते त्यांचेच पैसे होते. ईएसआयसीचं कार्डही फेकू नका, भरलेल्या हप्त्यांवर नोकरीनंतरही काही काळ दवाखाना मिळतो.

सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मागा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. माझा मूळ पगार ११ हजार, सहा वर्षांचे ३८,०७७ झाले. मागणी लेखी द्यायची, पोच घ्यायची. देणं लागल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते, नाही दिली तर कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात अर्ज. मी अर्ज टाइप करून त्याची प्रत नुसती ठेकेदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, आठ दिवसांत चेक आला. राहिलेल्या पगाराचंही तेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत काम सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा आहे.

शेतमजुरी करणाऱ्या घरांनी रोजगार हमीचं जॉबकार्ड काढून कामाची मागणी लेखीच द्यावी आणि तारखेची पोच घ्यावी. बेकारी भत्त्याचा हक्क त्या पोचेवर उभा असतो. आणि झटपट कर्जाच्या अ‍ॅपला हात लावू नका. फोनमधले नंबर घेतात आणि मग सोयऱ्याधायऱ्यांना फोन करतात. निकड असेल तर बचत गट बरा.

आता फसण्याचं. मे महिना, पत्र्याचं घर, दुपारी भट्टीसारखं तापलेलं. पीएफ अडकलेलं. फेसबुकवर दिसलं, 'घरबसल्या डेटा एन्ट्री, आठवड्याला ९ हजार'. नोंदणी २,५०० रुपये. सहा दिवसांत ६०० फॉर्म भरायचे, ९० टक्के बरोबर हवेत. मी रात्र रात्र बसले. सहाव्या दिवशी साइटच उघडेना. सातव्या दिवशी मेसेज: तुमची अचूकता कमी, करार मोडला, ६,८०० भरा. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची 'नोटीस', वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, आणि 'आज संध्याकाळी पोलीस येतील'. हात कापायला लागले होते माझे. नानांना, म्हणजे सासऱ्यांना सांगितलं नसतं तर भरले असते मी. नानांनी नोटीस दोनदा वाचली आणि विचारलं, "पोरी, तू यांचं काय घेतलं? तू तर दिलंय." तेवढ्याने डोकं ठिकाणावर आलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एक रुपयाही भरू नका. मेसेज, पावती, नंबर सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात, आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. टेलिग्रामवरचं 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा' हेही असंच. आधी दीडशे-दोनशे खरंच देतात, मग 'टास्क'साठी हजारो भरायला लावतात. आणि कोणी म्हणालं की तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला कमिशन देतो, तर मुळीच देऊ नका. त्या खात्यातून चोरीचे पैसे फिरले की पोलीस तुमच्या दारात येतात. काम देणारा कामाआधी पैसे मागत नाही. हे मी घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

मग काम मिळालं कसं? वहीच्या दुसऱ्या रकान्यातून. मराठी टायपिंग ३० आणि ४० ची परीक्षा झालेली होती, हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली येत होतं, आणि सहा वर्षं रोज ई-वे बिलं, म्हणजे माल गाडीने नेताना लागणारी जीएसटीची ऑनलाइन बिलं, काढली होती. ऑनलाइन म्हटलं की आपण नवीन काहीतरी शिकायला धावतो, कोर्सला पाच-दहा हजार घालतो. माझं मत पक्कं आहे: हाताला ज्याची सवय आहे तेच आधी विका.

ई-वे बिलाला माणूस कोणत्याही गावात बसलेला चालतो. राज्याबाहेर ५० हजारांच्या वर आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर माल निघाला की बिल लागतं. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस मुदत. वाटेत गाडी बदलली की बिलाच्या भाग-ब मध्ये गाडीचा नवा नंबर टाकायचा, चुकलं तर २४ तासांत रद्द करायचं. छोट्या व्यापाऱ्याकडे यासाठी वेगळा माणूस नसतो, आणि गाडी नेमकी रात्री नऊला भरते. मी ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्या भाऊंकडून पाईप, चटई, डाळीच्या बारा व्यापाऱ्यांचे नंबर घेतले आणि सगळ्यांना हा मेसेज टाकला:

"नमस्कार भाऊ. मी धरणगावहून. सहा वर्षं एमआयडीसीत डिस्पॅचला होते. ई-वे बिल, टॅलीतल्या नोंदी, गाडी नंबर बदलणं घरून करते. सकाळी ८ ते रात्री १०. तुमची पहिली पाच बिलं करून बघा, पटलं तर पुढे बोलू."

बारांपैकी चौघांनी उत्तर दिलं, दोघांनी काम दिलं. पहिल्या महिन्यात ३,१०० आले. वर्षभरात पाच व्यापारी झाले. एक गोष्ट जपा: त्यांचा मुख्य पासवर्ड घेऊ नका. पोर्टलवर 'सब-युजर', म्हणजे तुमच्यासाठी वेगळं लॉगिन करता येतं, ते मागा. उद्या काही झालं तर तुमचं काम वेगळं दिसतं.

दुसरं काम मराठीचं. कृतिदेव, श्री-लिपी अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत आणून तपासणं, भाषणांच्या रेकॉर्डिंगवरून टाइप करणं. यासाठी मी फायव्हर या ऑनलाइन कामं मिळणाऱ्या साइटवर खातं काढलं. नोंदणी फुकट, पण मिळालेल्या पैशातले २० टक्के ते ठेवतात, भाव सांगताना हे धरा. पहिलं काम यायला सात आठवडे लागले. नमुना म्हणून जुनं पान आणि शेजारी दुरुस्त पान असे दोन फोटो लावले, त्यानंतर विचारणा वाढली.

नोकरीच हवी असेल तर महास्वयम आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या दोन्ही सरकारी पोर्टलवर नाव घाला, दोन्हीकडे फुकट आहे. माझ्या दिराला २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महास्वयमवरूनच जागा मिळाली. १८ ते ३५ वय, बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीला १०. अपना, नोकरी, इंडीड अशा अ‍ॅपवर रोज सकाळी नव्या जाहिराती बघा, दुपारी टाकलेला अर्ज दोनशे अर्जांखाली जातो. बायोडेटा एका पानाचा, पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. फोनवर मुलाखत असेल तर वेळ सकाळची मागा. दुपारी आपल्याकडे लाइट जाते आणि कूलरच्या आवाजात समोरच्याला ऐकू येत नाही.

पैशाच्या वसुलीचं शेवटचं. मी कामासाठी वेगळं बचत खातं ठेवलंय. एक तारखेला प्रत्येकाला बिल जातं, त्यात तारीख, गाडी नंबर, बिल नंबर, दर. दहा तारखेपर्यंत आले नाहीत तर एक फोन, पंधरानंतर नवीन बिल काढत नाही. पहिल्या वर्षी भिडेपोटी थांबले आणि एकाकडे ४,६०० अडकले, ते अजून येतात हजार-पाचशेने. कोणी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर कापला तर वर्षाअखेरीस रिटर्न भरून परत घ्या. गेल्या जुलैत मला १,२५० परत आले, त्याचा मी कीबोर्ड घेतला.