खाऱ्या पाण्याची नवी टाकी: मांडणी आणि सायकलिंग

खाऱ्या पाण्याची टाकी लावणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच विचारतो, 'मासे कधी आणायचे?' मी तारीख सांगत नाही, कसोटी सांगते. टाकीत २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) अमोनिया टाकायचा आणि २४ तासांनी तपासायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच जमलं, तर टाकी तयार. कुणाची टाकी दोन-तीन आठवड्यांत तिथवर पोचते, कुणाला दोन महिने लागतात. नुसते दिवस मोजून मासा आणला, तर अमोनियाने त्याचे कल्ले जळतात, तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो, आणि ते बघवत नाही. पूर्वी 'काटक' म्हणून डॅमसेल मासे सोडून टाकी सायकल करायची पद्धत होती. ती सोडून द्यावी असं माझं ठाम मत आहे. मासा न घालता तेच काम जास्त नीट होतं.

आधी सायकल म्हणजे काय ते बघू. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, उरलेलं खाद्य कुजलं की आणखी तयार होतो. सूक्ष्मजीवांचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. हे चक्र म्हणजे सायकल, आणि नव्या टाकीत ते सुरू करणं म्हणजे सायकलिंग. हे काम करणारे जिवाणू विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. समुद्राच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बऱ्याच उशिरा कळली: अमोनिया खाणाऱ्यांत जिवाणूंखेरीज आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीवही आहेत. त्यातला पहिला, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, २००५ मध्ये जगासमोर आला, आणि तो सापडला सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरियमच्या एका खाऱ्या टाकीतल्या खडीत. आपण घरात जे वाढवू पाहतोय त्याचाच शोध टाकीत लागावा, याचा मला फार आनंद वाटतो.

ही मंडळी पाण्यात कमी आणि पृष्ठभागांवर जास्त राहतात: दगडाच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजवर. शिवाय ती संथ वाढतात. अन्न कुजवणारे साधे जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला दिवसाचा बराचसा भाग लागतो. सायकलला आठवडे लागतात ते म्हणूनच.

मांडणी

माझी टाकी १५० लिटरची आहे आणि नवख्यालाही मी याच्या आसपासचीच सुचवते. लहान टाकीत पाणी थोडं आटलं तरी खारटपणा झरकन चढतो, तापमानही पटकन हलतं. दगड-वाळू बसल्यावर १५० लिटरच्या टाकीत प्रत्यक्ष पाणी १२५ लिटरच्या आसपास मावतं. हा आकडा लिहून ठेवा, पुढचे सगळे डोस त्याच्यावरच काढायचे आहेत. काच, दगड, वाळू, पाणी मिळून वजन दोनशे किलोच्या घरात जातं, तेव्हा स्टँड भक्कम हवा. रिकामी टाकी ठेवल्यावर पाणसळ लावून दोन्ही बाजूंनी बघा. थेट ऊन येणारी जागा नको.

उपकरणांत हीटर, प्रवाहासाठी एक-दोन पॉवरहेड (पाण्यात बसवायचे छोटे पंप), स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आणि दिवा. संप (खाली ठेवलेली दुसरी, उपकरणांची टाकी) असेल तर तिथलं पाणी वर नेणारा रिटर्न पंप. सगळ्या वायरींना सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. संप असेल तर टाकी भरल्यावर रिटर्न पंप मुद्दाम बंद करून बघा. वरचं पाणी पाइपातून खाली येतं. ते संपमध्ये मावलं पाहिजे. मावलं नाही, तर वीज जाईल त्या रात्री जमिनीवर तळं होईल.

दगड दोन प्रकारचे मिळतात. लाइव्ह रॉक समुद्रातून किंवा चालू टाकीतून येतो, त्यावर जीव आधीच असतात. ड्राय रॉक कोरडा, निर्जीव. माझा कल ड्राय रॉककडे आहे: नको ते पाहुणे येत नाहीत आणि रचना कितीही वेळ घेऊन करता येते. पण सायकलला तो जास्त वेळ घेतो, आणि त्यात फॉस्फेट मुरलेलं असू शकतं. यावर उपाय म्हणून ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला मूठभर लाइव्ह रॉक बियाणं म्हणून घालावा. फक्त त्या टाकीत अलीकडे मासे आजारी पडले नव्हते ना, हे विचारून घ्या.

१२ ते १५ किलो सच्छिद्र दगड पुरे होतो. दगड थेट तळाच्या काचेवर बसवा, वाळू नंतर भोवती भरा. वाळूवर दगड ठेवला आणि पुढे एखाद्या माशाने किंवा पिस्तूल कोळंबीने खालची वाळू उकरली, तर दगड घसरतो, आणि घसरणारा दगड काच फोडू शकतो. दगड आणि काच यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा सोडा. शेवाळ खरवडायला ती लागते, आणि दगडामागून पाणी खेळतं राहतं. वाळू अ‍ॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, दोन ते चार सेंटिमीटर थर. कोरडी असेल तर पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. लाइव्ह सँड म्हणून मिळते ती धुवायची नसते.

पाणी

इथे तडजोड करू नका. आरओ आणि त्यानंतर डीआय (उरलेसुरले आयन काढणारा फिल्टर), असं दोन्हींतून गेलेलं पाणी घ्या, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ० आलं पाहिजे. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंनाच मारतं, आणि त्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट पुढे शेवाळाच्या रूपाने भेटायला येतं.

मीठ म्हणजे खास सागरी मीठ, स्वयंपाकाचं नव्हे. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे १२५ लिटरला साडेचार किलोच्या आसपास. नेमकं प्रमाण डब्यावर बघा. पहिल्या वेळी टाकीत जीव नसतो, त्यामुळे टाकीतच मिसळलं तरी चालतं. नंतरच्या प्रत्येक वेळी वेगळ्या पिंपात. आधी पाणी, मग पॉवरहेड चालू, मग थोडं थोडं मीठ. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी दाट द्रावण होतं आणि कॅल्शियम पांढऱ्या चुऱ्याच्या रूपात बसून वाया जातं. सुरुवातीला पाणी दुधाळ होतं, मग हळूहळू मागची भिंत दिसायला लागते. काही तासांनी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) थेंब ठेवून वाचा: ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य जुळवलेला मीटर वरच्या टोकाला चुकू शकतो.

हीटर २५-२६ अंशांवर. तो आणि पॉवरहेड एक दिवस नुसते चालू द्या. गळती, आवाज, तापमान, सगळं या दिवसात कळतं.

सायकल

आता खरं काम. दिवा बंद ठेवा. जिवाणूंना प्रकाश लागत नाही, शेवाळाला लागतो. जिवाणूंची बाटली वापरणार असाल तर ती चांगली हलवून, मुदत बघून टाका आणि काही दिवस स्किमर आणि (असेल तर) जंतू मारणारा यूव्ही दिवा बंद ठेवा. बाटली सक्तीची नाही, पण ड्राय रॉकच्या टाकीत तिने वेळ वाचतो.

अमोनियाचा स्रोत म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइड मला सगळ्यात आवडतं. १२५ लिटर पाण्यात २ पीपीएम अमोनिया आणायला साधारण ०.८ ग्रॅम पुरतं. छोट्या डिजिटल काट्यावर मोजा, ग्लासभर आरओ पाण्यात विरघळवा आणि पॉवरहेडच्या प्रवाहात ओता. तासाभराने तपासा. कुणी कुणी कच्ची कोळंबी टाकून कुजवतात. त्यानेही सायकल होते, पण अमोनिया किती सुटेल त्याचा अंदाज लागत नाही, वास येतो, आणि फॉस्फेट फुकटचं वाढतं. डोस ४ पीपीएमच्या वर नेऊ नका, जास्त अमोनियाने जिवाणू मंदावतात.

तपासणी रोज नको, एक दिवसाआड पुरे. अमोनियाच्या द्रव किटमध्ये शून्याला पिवळा रंग येतो आणि ०.२५ ला त्या पिवळ्यात हिरवी झाक. हा फरक बल्बच्या प्रकाशात हमखास फसवतो. मी दोन नळ्या घेते: एकीत टाकीचं पाणी, दुसरीत नुसतं आरओ-डीआय पाणी, दोन्हींत तेच थेंब. मग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर शेजारीशेजारी धरून बघते. दोन्ही सारख्या पिवळ्या दिसल्या तरच शून्य. कार्डावरच्या रंगाशी झटापट करण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

काही दिवस काहीच हलत नाही. मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा २ पीपीएमचा डोस द्या. नायट्राइटचा टप्पा लांबतो, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. किटचा रंग गडद जांभळा होऊन तिथेच अडकला, तर नमुन्याच्या एका भागात नऊ भाग आरओ पाणी मिसळून तपासा आणि आकड्याला दहाने गुणा. मग आतल्या आत तो उतरतोय हे दिसतं. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं घातक नसतं. तरीही मी शून्याची वाट बघते, कारण ते शून्य झालं की दुसरा गटही कामाला लागला हे कळतं.

नायट्राइट असेपर्यंत नायट्रेटच्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. ते किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करूनच मोजतं, त्यामुळे पाण्यात मुळातच असलेलं नायट्राइट आकडा भलताच फुगवतं. हिशेबाने १ पीपीएम अमोनियाचं सुमारे ३.६ पीपीएम नायट्रेट होतं.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: या प्रक्रियेत अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची क्षमता, खर्च होते. ती डीकेएच या एककात मोजतात. दर १ पीपीएम अमोनियामागे सुमारे ०.३ डीकेएच. तीन-चार डोसांत दोनेक डीकेएच निघून जातात, आणि ती फार खाली गेली की सायकल रेंगाळते. मी आठवड्याला एकदा मोजते. ७ च्या खाली गेली, तर खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे. १२५ लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला पावणेचार ग्रॅम लागतात.

पाणी आटेल तशी भर घालायची ती गोड्या आरओ-डीआय पाण्याची, कारण मीठ आटत नाही. काचेवर पातळीची खूण करा आणि रोज तिथपर्यंत आणा. पाणी बदलणं सायकल संपेपर्यंत सहसा लागत नाही.

मग एका दिवशी शेवटचा डोस द्या आणि २४ तासांनी दोन्ही टेस्ट करा. शून्य-शून्य आलं की मी दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करते. दोनदा लागोपाठ जमलं, तरच सायकल झाली म्हणायची. नायट्रेट २०-३० च्या वर असेल तर निम्मं पाणी बदला, पण ते अगदी शून्यावर आणू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट्सना (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) रान मोकळं मिळतं, आणि ते हटवणं फार त्रासाचं असतं.

त्यानंतर

दिवा लावला की आठवडाभरात वाळूवर आणि दगडांवर तपकिरी थर चढतो. हे डायटम्स नावाचे सूक्ष्म शैवाल आहेत, सिलिकेटवर जगतात, बहुधा आपोआप ओसरतात. त्यामागोमाग हिरवं शेवाळ येतं. टाकी बिघडली असं समजून रसायनं ओतू नका. दिवा सहा तासांवर ठेवा आणि थोड्या गोगलगाई आणा: काचेसाठी ट्रोकस, वाळूसाठी नासारियस. सगळ्या एकदम आणल्या तर खायला पुरत नाही आणि उपाशी मरतात.

पहिला मासा म्हणून टाकीतच पैदास झालेली ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी उत्तम. पण थेट मुख्य टाकीत नाही, आधी वेगळ्या साध्या टाकीत काही आठवडे. क्रिप्टोकॅरिऑन हा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला, तर ती अडीच महिने माशांशिवाय ठेवावी लागते. आणि त्यावरचं तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, दगड ते शोषून घेतात आणि कोळंबी-गोगलगाई मरतात. वेगळ्या टाकीसाठीचा स्पंज सायकल चालू असतानाच मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवून द्या, म्हणजे तोही तयार मिळतो.

मासा लांबून पिशवीत आला असेल तर पिशवी बंद असतानाच तासभर नव्हे, पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो आणि अमोनिया तितका घातक नसतो. पिशवी उघडली की पीएच चढायला लागतो. ७ च्या तुलनेत ८.२ ला विषारी रूपातल्या अमोनियाचं प्रमाण दहा पटींहून अधिक होतं. त्यामुळे उघडल्यावर रेंगाळू नका. विक्रेत्याच्या पाण्याचा खारटपणा आधीच विचारून वेगळ्या टाकीत तोच ठेवा, मासा अलगद आत सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. पहिल्या दिवशी खाऊ घालायची घाई नको. नंतर दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या, आठवडाभर रोज अमोनिया तपासा, आणि पुढचा मासा निदान तीन आठवड्यांनी.