वीज नसलेल्या गावात इंटरनेट नेताना

आफ्रिकेतल्या खेड्यात संगणककक्ष उभारायचा ठरला की बहुतेक हितचिंतक आधी जुने डेस्कटॉप गोळा करू लागतात. सुरुवात मात्र गावाच्या संमतीपासून आणि विजेच्या हिशेबापासून करावी. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील मान्कोसी येथे २०१२ च्या सुमारास वेस्टर्न केप विद्यापीठाच्या साथीने गावकऱ्यांनी स्वतःचे वायरलेस जाळे उभारले आणि २०१४ मध्ये ते चालवण्यासाठी सहकारी संस्था नोंदवली. तिचे नाव झेन्झेलेनी, म्हणजे खोसा भाषेत 'तुमचे तुम्हीच करा'.

प्रथम पारंपरिक प्रमुखांची परवानगी घ्यावी आणि उपकरणे कोणाच्या घरी बसवायची हे गावालाच ठरवू द्यावे. घर असे निवडावे की जिथे दिवसभर कोणीतरी असते आणि जिथून पुढचे केंद्र, म्हणजे उपकरणे बसवलेले पुढचे घर, नजरेच्या सरळ रेषेत दिसते. मध्ये झाड येत असेल, तर ते पालवल्यावर काय होईल याचाही विचार करून खांबाची उंची धरावी.

आता वीज. ८ वॅटचा राउटर अहोरात्र चालला, तर दिवसाला सुमारे २०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२०० वॅट-तास मावतात. परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर निकामी होते, म्हणून हाती ६००च धरावेत, म्हणजे ढगाळ हवेतही राउटर तीन दिवस तगेल. खरी मेख मोबाइल चार्जिंगची आहे. मान्कोसीत केंद्रांची पहिली कमाई त्यातूनच झाली, तेव्हा ते टाळू नये. मात्र वीस मोबाइलना रोज ३०० वॅट-तास सहज लागतात, म्हणजे राउटरपेक्षा जास्त. त्यामुळे चार्जिंगची बॅटरी वेगळी ठेवावी, नाहीतर संध्याकाळच्या गर्दीत जाळेच बंद पडेल. महाराष्ट्रात सौर पॅनेल बसवलेल्यांनी एक सवय मोडायची आहे: दक्षिण आफ्रिकेत पॅनेलचे तोंड उत्तरेकडे असते.

दूरसंचार नियामकाकडील परवान्याचे किंवा परवान्यातून सूट मिळवण्याचे काम उपकरणे मागवण्यापूर्वीच सुरू करावे.

संगणक यानंतर. शंभरेक वॅट खाणाऱ्या देणगीतल्या डेस्कटॉपपेक्षा तीसेक वॅटचा जुना लॅपटॉप बरा. फुकटचा डेस्कटॉप पॅनेल आणि बॅटरीच्या खर्चात महाग पडतो. एका छोट्या सर्व्हरवर किविक्स आणि कोलिब्री या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या प्रणालींमधून अनुक्रमे विकिपीडिया आणि शालेय धडे साठवून ठेवल्यास बाहेरची जोडणी तुटली तरी शाळेचे काम चालू राहते आणि महागड्या डेटाचीही बचत होते.

प्रत्येक केंद्रात एक वही ठेवावी. तिच्यात रोज सकाळी सूर्य वर येण्याआधीचे बॅटरीचे व्होल्टेज, आदल्या दिवशी चार्ज केलेले मोबाइल आणि जमा पैसे लिहावेत. सकाळचा आकडा आठवडाभर घसरत राहिला, तर आधी पॅनेलवरची धूळ पुसावी, मग तारांचे जोड तपासावेत आणि त्यानंतरच नव्या बॅटरीसाठी संस्थेकडे पैसे मागावेत.