स्कूबा डायव्हिंगमध्ये ‘चालेल’ म्हणू नका: महिलांनी टाळायच्या चुका

पहिल्या डायव्हच्या वेळी मला पुरुषी मापाचं बीसीडी मिळालं. बीसीडी म्हणजे हवा भरून तरंगायला मदत करणारं जॅकेट. “जरा मोठं आहे, चालेल ना?” असं विचारल्यावर मी मान डोलावली. पाण्यात हवा भरताच ते वर सरकून हनुवटीला टेकलं, पाठीवरचं सिलिंडर डुगडुगायला लागलं आणि मासे बघायचे सोडून मी सगळा वेळ खांद्यांचे पट्टे ओढत राहिले. आपण नाजूक म्हणून दमलो, असंच तेव्हा वाटलं. पण आपल्या बऱ्याचशा अडचणी ताकदीच्या नसतातच. त्या न बसणाऱ्या साहित्याच्या आणि ते निमूटपणे चालवून घेण्याच्या असतात.

म्हणून किनाऱ्यावरच जॅकेट घाला, पट्टे आवळा, पूर्ण हवा भरा आणि कुणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगा. कानांपर्यंत येत असेल तर दुसरं मागा. वेटसूटचंही, म्हणजे अंग उबदार ठेवणाऱ्या घट्ट रबरी सूटचंही, तेच. पाठीच्या खालच्या खोलगट भागात तो सुटा राहिला की गार पाणी आतबाहेर करत राहतं. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं, त्यामुळे उबदार समुद्रातही अर्ध्या तासात हुडहुडी भरू शकते.

खाली जायला मदत करणाऱ्या, कमरेच्या वजनांच्या पट्ट्याबाबत तर सर्रास चूक होते. बाई खाली जात नाही असं दिसलं की पट्ट्यात आणखी शिसं घालतात. बायकांच्या शरीरात चरबी तुलनेने जास्त असल्याने त्या थोड्या जास्त तरंगतात, हे खरं. पण नवखी बाई अनेकदा भीतीने छाती भरून श्वास धरून ठेवते आणि म्हणून वर राहते. वजन वाढवलं की ते पेलायला जॅकेटमध्ये हवा जास्त भरावी लागते, पाय खाली लोंबतात, दमछाक होते आणि हवा लवकर संपते. डायव्ह संपताना, सिलिंडरमधल्या हवेचा दाब ५० बार उरलेला असताना तपासा: जॅकेट रिकामं करून नेहमीएवढा श्वास धरला तर पाणी डोळ्यांपाशी यायला हवं आणि श्वास सोडला की तुम्ही हळूहळू खाली जायला हवं.

मास्कमध्ये पाणी शिरतंय? पट्टा आवळू नका. आधी कडेखाली अडकलेले केस काढा. एक बटही पुरते.

आता ज्या चुकीबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, ती. बोटीवर स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं. ऊन, बोट लागून झालेल्या उलट्या, सिलिंडरमधली कोरडी हवा, या सगळ्याने शरीर सुकतं. शिवाय पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. शरीरातलं पाणी कमी होणं हा डीकम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे तयार होऊन होणाऱ्या आजाराचा, धोका वाढवणारा घटक मानला जातो, त्यामुळे तहान मारणं खरोखर महागात पडू शकतं. बुकिंग करतानाच स्वच्छतागृहाची आणि कपडे बदलायच्या आडोशाची चौकशी करा. पाण्यात असताना वेटसूटमध्येच लघवी करणारे डायव्हर भरपूर असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नंतर सूट आणि अंग गोड्या पाण्याने नीट धुवा, नाहीतर पुरळ येतं.

पाळीत शार्क मागे लागतात, याला पुरावा नाही. कप किंवा टॅम्पॉन पाण्याखाली व्यवस्थित चालतो. पोटात फार दुखत असेल तर मात्र त्या दिवशी उतरू नका.

गरोदरपणात डायव्हिंग करायचंच नाही. वर येताना आईच्या रक्तात तयार होणारे सूक्ष्म बुडबुडे तिच्या फुप्फुसांत गाळले जातात. बाळाचं रक्त फुप्फुसांना जवळपास वळसा घालूनच फिरतं, त्यामुळे त्याच्याकडे ही गाळणी नसते. गरोदर असल्याचं कळण्याआधी डायव्ह झाली असेल तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि “तो बघतोय ना” म्हणून नवऱ्यावर किंवा मित्रावर सगळं सोडू नका. तुमच्या हवेचा काटा तुम्हीच वाचायचा. त्रास झाला तर अंगठा वर करा. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’ असा आहे. तो दाखवायला कारण लागत नाही. समोरच्याने तोच इशारा परत करायचा आणि दोघांनी सावकाश वर यायचं. काय झालं ते बोटीवर बोलता येतं.